विषय: 3,40,000 मैल झालेला 12 व्हॉल्व्ह कमिन्स पिकअप 10 लाख मैलांपर्यंत न्यायचा आहे

टल्साकर:

नमस्कार मंडळी,

1997 चा डॉज रॅम 2500, 5.9 लिटरचं 12 व्हॉल्व्ह कमिन्स डिझेल इंजिन, एनव्ही 4500 हा पाच गिअरचा मॅन्युअल बॉक्स. मीटरवर 3,40,000 मैल. मागे जवळजवळ रोज 8,000 पौंडांचा ट्रेलर. रात्रभर उभी राहिली की सकाळी सात-आठ सेकंद सेल्फ मारावा लागतो, दिवसा मात्र एका फटक्यात सुरू. धूर नाही, ऑईल खात नाही. इंजिन आत्ताच उतरवून पूर्ण काम करून घ्या, असा सल्ला मिळतोय. आधी कशाला हात घालू?

ह्यूस्टनकर:

टल्साकर, इंजिन मुळीच उतरवू नका. धूर नाही, ऑईल खात नाही आणि गरम असताना लगेच सुरू होतं, म्हणजे पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचे बोअर ठीक आहेत. हे इंजिन ट्रक, ट्रॅक्टर आणि जनरेटरसाठी घडवलेलं आहे. आपल्याकडे टाटाच्या ट्रकांतही याच घराण्याचं 5.9 लिटर इंजिन जमशेदपूरहून बसून यायचं. तो लोखंडी ब्लॉक सहजासहजी हार खात नाही. त्याला संपवतात त्या आजूबाजूच्या लहानसहान गोष्टी.

पहिली गोष्ट म्हणजे खुंटी. पुढच्या बाजूला टायमिंग गिअरची ॲल्युमिनियमची केस असते. ती ब्लॉकवर नेमक्या जागी बसावी म्हणून एक पोलादी खुंटी ठोकलेली असते. इथले मेकॅनिक तिला ‘किलर डॉवेल पिन’ म्हणतात, आणि ते नाव तिने कमावलंय. इंजिनाच्या थरथरीने ती हळूहळू भोकातून बाहेर सरकते. गिअरांमध्ये पडली तर केस फोडते किंवा गिअरचे दात उडवते. नशीब चांगलं असेल तर सरळ खाली चेंबरमध्ये, म्हणजे ऑईलच्या तळभांड्यात जाते. मागच्या मालकाने हे काम केल्याचा कागद नसेल तर झालेलंच नाही असं धरा.

काम एका दिवसाचं आहे. फॅन, पट्टा आणि क्रँकच्या टोकाचा डॅम्पर काढा, मग पुढचं कव्हर. खुंटी दिसेल. पंच लावून हलक्या हाताने ठोकून आत बसवा. शेजारच्या बोल्टखाली एक पोलादी पट्टी अशी अडकवा की तिचं टोक भोकावर येईल, म्हणजे खुंटीला बाहेर यायला वाटच राहत नाही. तेवढ्यात केसचे बाकीचे बोल्टही तपासा, कारण तेही ढिले होतात. एकेक काढून, साफ करून, निळं लॉकटाइट (बोल्ट ढिला होऊ न देणारा गोंद) लावून परत घट्ट करा. कव्हर बसवताना क्रँकचं सील नवंच घाला, आणि ते कोरडं बसवा. क्रँकचा तो भाग आणि सीलची कड, दोन्हींना बोटाचं तेलसुद्धा लागू देऊ नका. ‘जरा ऑईल लावून सरकवू’ ही सवय इथे नडते, सील महिन्याभरात गळायला लागतं.

आता सकाळच्या सेल्फचं. रात्रीत डिझेल टाकीकडे परत उतरतंय, म्हणजे कुठेतरी हवा शिरतेय. खात्री करायला सकाळी सेल्फ मारण्याआधी टाकीतून डिझेल ओढणाऱ्या लिफ्ट पंपावरचं प्रायमरचं (हाताने डिझेल भरायचं) बटण पंधरा-वीस वेळा दाबा. मग लगेच सुरू झाली तर इंजेक्टर किंवा मोठ्या इंजेक्शन पंपाला दोष देऊ नका. इंजिनाच्या मागच्या अंगाला आणि डिझेल हीटरपाशी रबरी नळीचे छोटे तुकडे आहेत, ते पंचवीस वर्षांत चिरलेले असतात. बाहेर थेंबही दिसत नाही, कारण त्या बाजूला दाब नसून ओढ असते. डिझेलसाठीची नळी आणून सगळे तुकडे एकदम बदला. एकेक बदलत बसलात तर पुढची चीर दोन महिन्यांनी बोलेल.

त्याच वेळी इंजेक्शन पंपाचा डिझेल दाब मोजा. 2,500 आरपीएमला 25 पीएसआयच्या खाली असेल तर बहुतेक वेळा परतीच्या वाटेवरच्या ओव्हरफ्लो व्हॉल्व्हची स्प्रिंग बसलेली असते. छोटा भाग आहे, पण तो न बदलता ‘पंप गेला’ म्हणून अख्खा पंप बदलणारे बरेच दिसतात.

टॅपेट, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट, दर 24,000 मैलांना लावायची. इंजिन पूर्ण थंड हवं. इंटेक 0.010 इंच, एक्झॉस्ट 0.020 इंच. गिअर केसच्या मागची टायमिंग पिन आत दाबत क्रँक फिरवा. पिन खाचेत गेली की पहिला सिलिंडर वर आला. आता पिन आधी बाहेर ओढा, ती प्लास्टिकची असते आणि तशीच ठेवून क्रँक फिरवला तर तुटते. पहिल्या सिलिंडरचे दोन्ही रॉकर ढिले आहेत ना, ते हाताने हलवून पाहा. नसतील तर आणखी एक पूर्ण फेरा. मग इंटेक 1, 2, 4 आणि एक्झॉस्ट 1, 3, 5 लावा. क्रँकवर खूण करून एक पूर्ण फेरा द्या, आणि इंटेक 3, 5, 6 व एक्झॉस्ट 2, 4, 6. लॉकनट 18 फूट-पौंड. नट आवळताना स्क्रू किंचित फिरतो, म्हणून आवळल्यावर फीलर (फट मोजायची पट्टी) परत घालून बघाच. टॅपेट वाजत नाही म्हणून टाळू नका. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटमध्ये खोल बसत जातो तशी फट कमी होते, म्हणजे आवाजही कमी. फट संपली की व्हॉल्व्ह पूर्ण टेकत नाही, त्याची उष्णता सीटकडे जात नाही आणि तो जळतो.

ट्रेलर ओढता म्हणून एक्झॉस्टच्या तापमानाचा काटा बसवून घ्या, प्रोब टर्बोच्या आधी मॅनिफोल्डमध्ये. चढावर 1,250 अंश फॅरेनहाइटच्या वर टिकून राहू देऊ नका, पिस्टन ॲल्युमिनियमचे आहेत. थांबल्यावर काटा 400 च्या खाली आल्याशिवाय इंजिन बंद करू नका, नाहीतर टर्बोच्या बेअरिंगमध्ये ऑईल जळून कोळसा होतं.

डेट्रॉइटकर:

ह्यूस्टनकरांच्या यादीत दोन गोष्टी घालतो, आणि एक प्रश्न.

एनव्ही 4500 मध्ये दुकानदार देईल तो गिअर ऑईल ओतू नका. जीएल-4 दर्जाचं 75डब्ल्यू-85 सिंथेटिकच हवं. जीएल-5 ने सिंक्रोनायझरच्या (गिअर अलगद जुळवणाऱ्या) रिंगांची वाट लागते. आणि भार असताना पाचव्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर गाडी कण्हत नेऊ नका. त्या धक्क्यांनी मेनशाफ्टवरचा पाचव्या गिअरचा नट सैल होतो आणि एके दिवशी पाचवा गिअर टाकला तरी गाडी पुढे जात नाही. चढ आला की सरळ चौथा.

दुसरं, गंज. ओक्लाहोमात मीठ कमी, पण गाडी आधी कुठे राहिली ते पाहा. आमच्याकडे इंजिन ठणठणीत आणि चासी कुजलेली, अशा गाड्या भंगारात जातात. ब्रेकच्या पोलादी नळ्या, डिझेल टाकीचे पट्टे, मागच्या पाट्यांचे हँगर, दाराखालच्या पट्ट्या हातोडीच्या मागच्या टोकाने ठोकून बघा. ब्रेकच्या नळ्या बदलायच्याच असतील तर निकेल-कॉपरच्या घाला. दाराखालची पाणी निघायची भोकं तारेने मोकळी करा, मग आतून मेणाचा किंवा तेलाचा फवारा.

सेल्फबद्दल थोडं. कधी नुसतं ‘टक’ होऊन गप्प बसली तर अख्खा सेल्फ बदलायच्या आधी त्यातले तांब्याचे दोन कॉन्टॅक्ट आणि प्लंजर बदला. बॅटऱ्या दोन आहेत, बदलायच्या तर जोडीनेच, नाहीतर जुनी नवीला खाते.

प्रश्न कूलंटचा. काही डिझेल इंजिनांत लायनरला (सिलिंडरच्या आतल्या नळीला) बाहेरून बारीक भोकं पडतात म्हणून कूलंटमधलं ॲडिटिव्ह पट्ट्या बुडवून तपासतात. इथेही ते गरजेचं आहे का?

ह्यूस्टनकर:

डेट्रॉइटकर, तुमची सूचना मोलाची. जीएल-4 चं माझ्याकडून राहून गेलं.

कूलंटचा तो त्रास इंटरनॅशनल कंपनीने फोर्डसाठी बनवलेल्या 7.3 लिटरच्या इंजिनांत नावाजलेला आहे. कमिन्स 5.9 ला वेगळे लायनर नाहीत, बोअर थेट ब्लॉकमध्येच कापलेला आहे आणि भिंत जाड आहे. पट्टी तपासली तर चांगलंच, पण खरं काम म्हणजे कूलंट वेळेवर बदलणं आणि नळाचं पाणी न घालणं.

याच ओघात, कुणी 24 व्हॉल्व्ह घेत असेल, 1998 च्या मध्यापासून 2002 पर्यंतचं, तर त्यांच्यासाठी. त्यातला व्हीपी 44 हा इंजेक्शन पंप डिझेलनेच थंड राहतो आणि डिझेलनेच वंगण घेतो. पुरवठ्याचा लिफ्ट पंप अशक्त झाला की महागडा पंप मरतो. दाबाचा काटा लावा आणि पूर्ण भारात 10 पीएसआयच्या खाली जाऊ देऊ नका. ब्लॉकच्या अंगावर ‘53’ ओतलेला असेल तर कूलंटच्या पोकळीची बाहेरची भिंत तडकते, तिथे गळतीचे ओघळ शोधा.

टल्साकर:

प्रायमर दाबल्यावर आज सकाळी एका फटक्यात सुरू! नळ्या शनिवारी. ऑईल किती मैलांना? आणि कव्हर उघडल्यावर खुंटी भोकात नसलीच तर?

ह्यूस्टनकर:

ऑईल 15डब्ल्यू-40, सीके-4 दर्जाचं, फिल्टरसकट सुमारे 12 क्वार्ट. डब्यावर एफए-4 असेल तर घेऊ नका, ते पातळ आणि नव्या इंजिनांसाठी आहे. आधी 5,000 मैलांना बदला आणि दर वेळी नमुना प्रयोगशाळेत पाठवा. नमुना इंजिन गरम असताना काढा, पहिली धार सोडून मधली धरा. एका अहवालावर निर्णय नको, तीन ओळीने आले की कल कळतो. लोह आणि सिलिकॉन एकत्र वाढले तर धूळ आत जातेय. एअर फिल्टरनंतरच्या पाइपात पांढरं फडकं फिरवा, मळलं तर फिल्टर नीट बसत नाही. तेल लावलेले कापडी फिल्टर या गाडीत घालूच नका. सोडियम-पोटॅशियम वाढले तर कूलंट मिसळतंय. शिसं वाढलं तर बेअरिंग. अहवाल चांगले येत राहिले की मगच मैल वाढवा.

खुंटी भोकात नसेल तर सेल्फ मारायचा नाही. आधी गिअरांच्या मागे आणि केसच्या तळाशी टॉर्च मारून चुंबकाने शोधा. तिथे नसेल तर चेंबर उतरवा. ती हातात आल्यावर गिअरचा प्रत्येक दात पाहा, केसला तडा नाही ना बघा, मग भोकात नवी ठोकून पट्टी लावा. चेंबर उतरवलेलंच आहे तर त्याचं गॅस्केटही नवं घाला.