मदत हवी आहे : ऑगस्टमध्ये युटाच्या वाळवंटी घळींत उतरावे, की तारखा पुढे ढकलाव्यात?

नमस्कार. मी मूळचा बीड जिल्ह्यातला असून सध्या नोकरीनिमित्त छत्रपती संभाजीनगरात राहतो. अभियांत्रिकी महाविद्यालयापासून एकत्र डोंगर भटकणारे आम्ही पाच मित्र आहोत. त्यांपैकी एक जण गेली काही वर्षे अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीला आहे, आणि त्याच्या आग्रहावरून आम्ही उरलेले चौघे ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात तिकडे जाण्याचे ठरवत आहोत. त्याने आखलेला बेत असा आहे : पहिल्या दिवशी झायन राष्ट्रीय उद्यानातील नॅरोज, म्हणजे व्हर्जिन नदीच्या पात्रातूनच चालायची अरुंद घळ, दुसऱ्या दिवशी त्याच उद्यानातील कीहोल कॅन्यन, जिथे दोर लावून उतरावे लागते आणि थंड पाण्याच्या कुंडांतून पोहत पुढे सरकावे लागते, आणि तिसऱ्या दिवशी ॲरिझोनातील पेज गावाजवळची अँटिलोप कॅन्यन. कीहोलसाठी उद्यानाचा परवाना लागतो. त्याचा अर्ज करण्यापूर्वी आपणा जाणकारांचा सल्ला घ्यावा, म्हणून हा धागा काढत आहे.

आमच्यात मतभेद आहे तो तारखांवरून. मित्राचे म्हणणे असे की, तो वाळवंटी मुलुख आहे, महिनोन्‌महिने तिथे थेंब पडत नाही, आणि आपण मराठवाड्याची माणसे, जन्मभर पावसाची वाट पाहण्यात गेली, आपल्याला कसली पावसाची भीती? त्याचे बोलणे ऐकायला गमतीचे वाटते, परंतु माझ्या मनातून एक जुना प्रसंग जात नाही.

मी सहावी-सातवीत असताना मामांबरोबर पाटोदा तालुक्यातील सौताड्याला गेलो होतो. विंचरणा नदी तिथे कड्यावरून खाली झेपावते आणि दरीत रामेश्वराचे मंदिर आहे. दर्शन घेऊन आम्ही प्रवाहाकाठच्या एका सपाट खडकावर शिदोरी सोडून बसलो होतो. पाणी घोट्याएवढे आणि इतके नितळ की तळाचे खडे मोजता यावेत. डोक्यावर ऊन होते. धपाट्याचा दुसरा घास घेत असताना मामांचा हात थांबला. पाण्यावरून वाळलेली पाने, काटक्या, शेणाचा एक तुकडा आणि मातकट फेसाची एक पट्टी वाहत आली होती. ‘‘ऊठ, वर कुठंतरी पडलाय,’’ एवढेच ते म्हणाले आणि मला चपला घालायलाही थांबू न देता त्यांनी पायऱ्यांकडे ओढत नेले. आम्ही वर पोहोचून मागे पाहिले, तेव्हा ज्या खडकावर आमचा डबा होता तो खडकच दिसत नव्हता. आमच्या अंगावर मात्र त्या दिवशी एक थेंबही पडला नाही.

सौताड्यात निदान पायऱ्या होत्या. दोन्ही बाजूंना शेकडो फूट सरळ भिंती आणि मध्ये हात पसरले तर दोन्हीकडे टेकतील एवढी वाट, अशा ठिकाणी तो फेस दिसला तर माणसाने जायचे कुठे? त्यातच अँटिलोप कॅन्यनच्या खालच्या भागात १२ ऑगस्ट १९९७ रोजी दूरवरच्या वादळी पावसाचा लोंढा आला आणि ११ पर्यटक बुडाले, असे वाचले. आमच्या नियोजित तारखा नेमक्या त्याच आठवड्यातल्या आहेत. मी अंधश्रद्धाळू नाही. परंतु हा केवळ योगायोग आहे की त्या महिन्याचा तो स्वभावच आहे, हे मला जाणून घ्यायचे आहे.

दुसरा प्रश्न आमच्या अनुभवाचा आहे. आम्ही पाचही जण गौताळ्याच्या जंगलात, अंतूरच्या किल्ल्यावर आणि म्हैसमाळच्या परिसरात अनेकदा हिंडलो आहोत. साम्रदजवळची सांदण दरी दोनदा पूर्ण उतरलो आहोत आणि तिथले सर्व टप्पे रॅपलिंग करून, म्हणजे दोरावरून उतरून, पार केले आहेत. हार्नेस, कॅराबिनर, डिसेंडर ही दोरावरून उतरण्याची साधने आम्हाला परकी नाहीत. कीहोलमधील कडे सांदणच्या मोठ्या टप्प्यापेक्षा फार उंच नाहीत असे मित्र सांगतो. तेवढा अनुभव पुरेसा मानावा काय? तसेच, इतक्या उन्हात पाणी किती न्यावे, आणि उन्हाळा असूनही वेटसूट (थंड पाण्यात ऊब राखणारा घट्ट रबरी पोशाख) घ्यावाच लागतो हे खरे काय? (आमच्यातल्या एकाचे मत आहे की बेचाळीस अंशांत वाढलेल्या माणसाला थंडी वाजणे शक्य नाही. त्याला महाबळेश्वरलाही स्वेटर लागतो, हा भाग वेगळा.)

प्रतिसाद

नमस्कार. मी मूळची उदगीरची असून बरीच वर्षे ॲरिझोनात आहे, आणि नवऱ्याबरोबर व मैत्रिणींबरोबर या घळींत अनेकदा उतरले आहे. तुमच्या मामांना जे दिसले, ते ओळखायलाच इथे शिकवले जाते. नितळ पाणी एकाएकी गढूळ होणे, काडीकचरा वाहत येणे, प्रवाहाचा जोर वाढणे किंवा वरच्या अंगाने घोंघावता आवाज येणे, या इथेही लोंढ्याच्याच खुणा मानतात. फरक इतकाच की उतरल्यावर दोर ओढून घेतल्याने मागे फिरता न येणाऱ्या घळीत त्या दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो.

योगायोग मुळीच नाही. जुलै ते सप्टेंबर हा या भागाचा मोसमी वादळांचा काळ आहे. दुपारी ढग जमतात, एखाद्या पठारावर तासभर कोसळतात, आणि तिथे काळ्या मातीसारखी पाणी पिऊन घेणारी जमीन नसून उघडा वालुकाश्म असल्यामुळे सगळे पाणी पन्हळीतून यावे तसे घळींत उतरते. ज्या कीहोलचा तुम्ही बेत करत आहात, त्याच घळीत १४ सप्टेंबर २०१५ रोजी एका गटातील सातही जण अशाच लोंढ्यात गेले. त्यांच्याकडे परवाना होता, आणि पुराची शक्यता दाट असल्याचा इशाराही त्या दिवशी दिलेला होता. परवाना मिळाला म्हणजे उद्यानाने सुरक्षिततेची हमी दिली, असा अर्थ कृपया काढू नका. आत जायचे की नाही, हा निर्णय तुमच्यावरच सोडलेला असतो. झायनसाठी रोज पूरशक्यतेचा अंदाज चार पायऱ्यांत प्रसिद्ध होतो : अपेक्षित नाही, शक्य, संभाव्य आणि अपेक्षित. मी स्वतः पहिली पायरी सोडून कोणत्याही दिवशी अरुंद घळीत पाऊल ठेवत नाही.

आता अनुभवाविषयी स्पष्ट लिहिते, राग मानू नये. सांदणमध्ये तुम्ही रॅपलिंग केले, पण अँकर, म्हणजे दोर बांधायचा पक्का आधार, कोणी निवडला, दोर कोणी बांधला आणि सगळे उतरल्यावर तो कोणी सोडवून खाली घेतला? हे सर्व स्थानिक वाटाड्यांनी केले असेल, तर तुम्हाला दोरावरून उतरता येते एवढेच सिद्ध होते. इथे व्यावसायिक मार्गदर्शकाला झायनच्या हद्दीत दोराच्या घळी उतरवण्याची परवानगीच नाही, त्यामुळे कीहोलमध्ये ते सारे काम तुम्हा पाचांपैकीच कोणाला तरी करावे लागेल. शिवाय आपला बेसाल्ट आणि इथला नवाहो वालुकाश्म यांत फार अंतर आहे. हा दगड इतका मऊ आहे की ओढलेल्या दोरांनी कड्यांच्या ओठावर खोबणी पडलेल्या दिसतात आणि त्यात दोर अडकतो. भिजल्यावर तर तो आणखी ठिसूळ होतो. वेटसूटबद्दल आपल्या मित्राला सांगा की कीहोलच्या तळाशी ऊन जवळजवळ पोहोचतच नाही, आणि भर उन्हाळ्यातही लोक तिथे कुडकुडत बाहेर येतात.

माझा सल्ला असा की तारखा ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यावर न्याव्यात. नॅरोज खालच्या बाजूने, म्हणजे टेंपल ऑफ सिनावावा या शेवटच्या बसथांब्यापासून करावी. बिग स्प्रिंग या वरच्या ठिकाणापर्यंत परवाना लागत नाही आणि हवे तिथून मागे फिरता येते. नदीचा प्रवाह १५० क्युसेकच्या वर गेला की ती वाट बंद करतात. जायकवाडीच्या विसर्गाचे हजारोंचे आकडे वाचणाऱ्या माणसाला या १५० चे हसू येईल, पण वीस-तीस फूट रुंदीच्या जागेत गोट्यांवर उभे राहून तो प्रवाह मांडीला लागला की हसू जाते. दोराची हौस असेल तर उद्यानाच्या हद्दीबाहेरच्या घळीत मार्गदर्शकासह एक दिवस ठेवावा. स्प्रिंगडेल गावात ती सोय आहे आणि वेटसूट, पाण्यातले बूट व काठ्याही तिथे भाड्याने मिळतात. अँटिलोपला नवाहो या तिथल्या आदिवासी समाजाच्या मार्गदर्शकाशिवाय जाताच येत नाही, त्यामुळे तिथला निर्णय त्यांच्यावर सोपवावा. पाणी माणशी दिवसाला चार लिटर धरावे आणि ते बरोबरच न्यावे. व्हर्जिन नदीत विषारी शेवाळाचे इशारे दिले गेले आहेत, तेव्हा ते पाणी पिऊ नये आणि त्यात डोकेही बुडवू नये. आणखी एक : कोणत्या घळीत जात आहात आणि किती वाजता परतणार, हे बाहेरच्या एका माणसाला लिहून द्या. आत मोबाइलला रेंज नसते.

धागाकर्त्याचे उत्तर

ताई, मनःपूर्वक आभार. राग मानण्याचा प्रश्नच नाही. सांदणमध्ये दोर आम्ही बांधला नव्हता, आणि तुमचा प्रश्न वाचेपर्यंत ते कोणाच्या लक्षातही आले नव्हते. काल रात्री पाचही जणांचे बोलणे झाले आणि कीहोल रद्द केली आहे. सॉल्ट लेकवाल्या मित्राची रजा मात्र ऑगस्टमध्येच मंजूर असून ती बदलून घेण्यासाठी तो साहेबांशी बोलणार आहे. ती न बदलल्यास आम्ही चौघे ऑक्टोबरमध्ये त्याच्याशिवाय जाऊ असे मी म्हणालो, तेव्हा तो दोन मिनिटे काही बोललाच नाही. त्यामुळे रजा बदलेल असे वाटते. तूर्त एकच विचारायचे राहिले. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात नॅरोजसाठी केवळ निओप्रीनचे (ऊब धरणाऱ्या रबराचे) मोजे आणि बूट पुरतात, की पूर्ण वेटसूट घ्यावा? आमच्या महाबळेश्वरवाल्याने हे आवर्जून विचारायला सांगितले आहे.