मदत हवी आहे: परतलेल्या शेतकऱ्यांना बियाणं द्यावं की कूपन?

एका छोट्या संस्थेसाठी प्रकल्पाचा आराखडा लिहितोय आणि अडकलोय. गावांत काही वर्षं सशस्त्र संघर्ष चालला, निम्मी माणसं विस्थापित झाली, आता थोडी परत येताहेत. मधल्या काळात पाऊसही बदलला. उशिरा येतो आणि ऐन वाढीत खंड देतो. काही शेतांत सुरुंग असल्याची भीती आहे, तिकडे कोणी फिरकत नाही.

देणगीदारांचं म्हणणं असं की दुष्काळ सोसणारं सुधारित बियाणं आणा, घरटी एक पिशवी वाटा, शिवाय सौर पंप बसवा. फोटो छान येतात. मला दोन्ही पटत नाहीत, पंप तर मुळीच नाही. अफगाणिस्तानात हेलमंदच्या वाळवंटात शेतकऱ्यांनी सौर पंप लावले. डिझेलचा खर्च गेल्यावर उपशाला लगाम उरला नाही आणि भूजल खाली खाली गेलं. येमेनमध्येही हीच चिंता आहे. शिवाय पंप ज्याच्या ताब्यात, त्याच्या ताब्यात पाणी. जिथं भांडण नुकतंच थंडावलंय तिथं हे नको वाटतं.

आता बियाण्याचं. एका आजींनी छावणीतून आणलेली कापडाची गाठ माझ्यासमोर सोडली. आत तीन तऱ्हेची ज्वारी एकत्र होती. मी शहाणपणा करून म्हटलं, वेगवेगळी ठेवा ना. त्या म्हणाल्या, "पाऊस कसा पडणार ते मला आधी कळतं का?" त्यातले शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून पाहिले, ६१ उगवले. म्हणजे पेरा दाट करावा लागेल, पण वाण हातचं आहे. बाजारातही स्थानिक धान्य दिसलं, घ्यायला पैसे नाहीत. मग बाहेरून पिशव्या कशाला? कूपन दिलं तर ज्याला जे हवं ते तो घेईल. (बियाणं खरोखर नाहीसं होतं तेव्हाची गोष्ट वेगळी. सीरियात अलेप्पोजवळ इकार्डा या कोरडवाहू शेतीवरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेची जनुकपेढी, म्हणजे वाणांचं बियाणं जपणारा साठा, होती. ती युद्धात हाताबाहेर गेली, तेव्हा २०१५ मध्ये नॉर्वेतल्या स्वालबार्डच्या बियाण्यांच्या तिजोरीतून संस्थेनं आपल्याच ठेवींचे नमुने परत मागवले. त्या तिजोरीतून काही काढण्याची ती पहिलीच वेळ.)

पाण्यासाठी बुर्किना फासोतल्या 'झाई'चा विचार आहे. कोरड्या दिवसांत वीतभर खोल खड्डे खणायचे, तळाशी शेणखत टाकायचं, पाऊस तिथंच मुरतो. पण गुरं लुटली गेली, शेणखत आणायचं कुठून? आणि खरी धास्ती निराळी आहे. मालक परागंदा असताना ती जमीन दुसऱ्यानंच कसली. आता परतलेल्यानं खड्डे खणून ती सुधारली, की हक्क सांगणारे दोघं होणार. कागद कुणाकडेच नाहीत.

कोणी असं काम केलंय का? कूपनं घेणारे व्यापारी एकाच गटाचे निघाले तर काय करता? आणि जमिनीचा वाद मिटेपर्यंत थांबायचं, की निदान हंगामापुरता लेखी करार करायचा?

प्रतिसाद: कूपनच द्या, पण कूपनांवर बियाणं घ्यायचा मेळा एका दिवशी एका मैदानात भरवू नका. गर्दी हेरली जाते. लहान लहान ठिकाणी करा आणि व्यापारी निवडताना दोन्हीकडची माणसं बसवा. कापणीपर्यंतचा शिधा सोबत द्या, नाहीतर बियाणं शिजवून खाल्लं जाईल आणि त्यात त्यांची चूक नसेल. सुरुंग काढल्याचा दाखला नसलेल्या शेतात खड्डा सोडाच, खुरपंही लावू देऊ नका. जमिनीसाठी हंगामी करार ठीक, फक्त आधी कसणाऱ्यालाही त्यात वाटा ठेवा.

धागाकर्ता: वाट्याचं सुचलंच नव्हतं, आभार. शिध्याची अडचण अशी, की तो देणाऱ्या संस्थेचा ट्रक पेरणीनंतर महिन्याने येतो म्हणतात. तोवरचा महिना कसा निभावायचा, हे कुणी केलं असेल तर सांगा.