अनुभव धागा: गोष्टीचे गेम तुम्ही खेळता की बघता?

डोंगरवाट

लढाई, शर्यती, क्रिकेट बाजूला ठेवू. या धाग्यात फक्त अशा गेमबद्दल बोलू ज्यांचा जीव गोष्टीत आहे. हे गेम विकत न घेता यूट्यूबवर पहिल्यापासून शेवटापर्यंत पाहणारे आता भरपूर आहेत. कुणी पाहताना बडबड नको म्हणतं, कुणाला आपला ठरलेला स्ट्रीमर (बोलत बोलत गेम खेळून दाखवणारा) सोबत लागतो. यात खेळणारे खरे आणि पाहणारे उपरे, असं मला अजिबात वाटत नाही. पण काही गेम पाहिले तरी पुरतात आणि काहींचा गाभाच पाहताना निसटतो, एवढं नक्की.

माझं उदाहरण 'व्हॉट रिमेन्स ऑफ ईडिथ फिंच' (२०१७). दोन-तीन तासांचा गेम. एका घराण्यातल्या एकेकाचा मृत्यू कसा झाला, ते त्यांच्या त्यांच्या खोल्यांमधून कळत जातं. त्यातला लुईस मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यात कामाला असतो. कंट्रोलरच्या उजव्या स्टिकने (अंगठ्याने फिरवायच्या दांडीने) मासा उचलायचा, पात्याखाली न्यायचा, डोकं उडालं की पुढे सरकवायचा, की दुसरा मासा हजर. हे चालू असतानाच त्याच्या मनातलं एक राज्य पडद्याच्या कोपऱ्यात उगवतं आणि डाव्या स्टिकने त्या राज्यात चालायचं असतं. ते राज्य वाढत वाढत सगळा पडदा व्यापतं. कारखाना जवळजवळ दिसेनासा होतो, तरी आपला उजवा हात मासे कापतच राहतो. लुईसचं मन कामावरून कसं उडालं हे मला कुणी सांगितलं नाही, ते माझ्या हातांनीच केलं. माझ्या मित्राने हाच प्रसंग यूट्यूबवर पाहिला आणि त्याला त्यातली रंगीत चित्रं तेवढी आठवतात.

कोणता गेम, खेळलात की पाहिलात, आणि त्याने काय फरक पडला ते लिहा. शेवट फोडणार असाल तर आधी इशारा द्या. लांब लिहिलंत तरी चालेल.

रविवार दुपार

मी पाहणाऱ्यांपैकी. हॉस्टेलवर असताना आमच्या खोलीत गेम चालेल असं मशीन कुणाकडेच नव्हतं. एकीच्या लॅपटॉपवर आम्ही तिघी-चौघी मिळून 'लाइफ इज स्ट्रेंज' (२०१५) पाहिला. एका भागावरून दुसऱ्या भागापर्यंत जेवताना, मेसच्या रांगेत, सगळीकडे तोच विषय.

(दुसऱ्या भागाचा शेवट फोडते आहे.) नायिका मॅक्सला वेळ मागे फिरवता येते, त्यामुळे काहीही चुकलं तरी दुरुस्त करता येईल या भरवशावर आपण असतो. मग केट नावाची मुलगी वसतिगृहाच्या गच्चीवर चढते आणि नेमकी तिथे मॅक्सची शक्ती संपते. आता फक्त बोलून तिला खाली आणायचं. तिच्या खोलीत आधी काय काय नीट पाहिलंत, तिचा फोन आला तेव्हा उचललात का, हे सगळं इथे कामाला येतं. आमच्या स्ट्रीमरने तिच्या खोलीत पटपट फेरी मारली होती. आम्हाला उत्तरं ठाऊक होती, कारण आम्ही व्हिडिओ थांबवून तिथले कागद वाचले होते. त्याला ती आठवेनात. लॅपटॉपसमोर बसून आम्ही ओरडत होतो आणि त्याने चुकीचं उत्तर निवडलं.

केट गेली. त्या रात्री आमच्यापैकी कुणीच नीट झोपलं नाही.

खेळले असते तर कदाचित तिला वाचवलं असतं. पण उत्तर माहीत असून काहीच करता न येणं, हे दुःख मला पाहण्यातूनच मिळालं. खेळणाऱ्याला ते मिळत नाही. म्हणून पाहणं हा दुय्यम अनुभव आहे असं कुणी म्हटलं की मला पटत नाही.

लेकाची आई

रविवार दुपार, तुमचं वाचून लिहावंसं वाटलं. मी गेम खेळत नाही, ते कंट्रोलर माझ्या हातात बसत नाही. माझा लेक खेळतो. तो बारावीनंतरच्या सुट्टीत 'द वॉकिंग डेड' खेळत होता. मी भाजी निवडत दिवाणखान्यात बसले होते. मुडद्यांचा गेम म्हणून आधी तोंड फिरवलं. मग लक्षात आलं की यात एक मोठा माणूस दुसऱ्याच्या लहान मुलीला सांभाळतो आहे. ली आणि क्लेमेंटाइन. त्यानंतर लेकाला मी नसताना पुढे खेळायची परवानगी नव्हती.

या गेममध्ये उत्तर द्यायला थोडाच वेळ असतो, खाली पट्टी आक्रसत जाते. ती संपली की गप्प बसणं हेच तुमचं उत्तर. लेक म्हणायचा, "आई, लवकर बोल." मी बोलायचे, तो बटण दाबायचा. आमचं पटलं नाही तर शेवटचा शब्द माझा.

दुसऱ्या भागाच्या शेवटी जंगलात एक बेवारस गाडी सापडते, आत खाण्यापिण्याचं सामान. सगळे उपाशी. लेक म्हणाला घेऊया, मालक मेला असणार. मी म्हटलं, दुसऱ्याचं आहे, पोरीसमोर नाही घ्यायचं. बाकीच्यांनी घेतलंच. (पुढचं फोडते.) शेवटच्या भागात त्या गाडीचा मालक समोर येऊन बसतो आणि एकेक गोष्टीचा जाब विचारतो. मी लेकाला म्हटलं, सांग त्याला, आम्ही नाही घेतलं. इतक्या ताठ मानेने मी कधी टीव्हीशी बोलले नव्हते.

अगदी शेवटी लीने क्लेमेंटाइनला काय सांगायचं ते आपण निवडायचं असतं. तिथे लेकाने कंट्रोलर माझ्या हातात दिला आणि कोणतं बटण कशाचं ते दाखवलं. आता मी खेळले म्हणायचं की पाहिला?

डोंगरवाट

लेकाची आई, खेळलात. यात मला शंका नाही.

जुनी फ्लॉपी

तुम्ही सगळे नवे गेम सांगताय. मी मामेभावाच्या जुन्या ३८६ कॉम्प्युटरवर 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड' (१९९०) खेळलो. त्यातली तलवारबाजी जिभेची आहे. समोरचा टोमणा मारतो, आपण चपखल उलट टोमणा द्यायचा. येत नसेल तर हरायचं, आणि हरताना तो टोमणा शिकायचा. मग पुढच्या चाच्याला तोच मारायचा आणि तो काय उत्तर देतो ते ऐकून ठेवायचं. असे जमवत जमवत बेटावरच्या सर्वांत तरबेज तलवारबाज बाईसमोर उभं राहावं, तर ती वेगळेच टोमणे मारते! आपल्या पोतडीतली जुनी उत्तरं त्या नव्या टोमण्यांना कुठे बसतात ते शोधायचं. रॉन गिल्बर्ट आणि त्याच्या मंडळींनी केलेलं हे काम मला आजही थोर वाटतं.

आता हे व्हिडिओत बघा. दहा मिनिटांत लढत खलास, कारण खेळणाऱ्याला उत्तरं पाठ असतात किंवा हरलेल्या फेऱ्या कापलेल्या असतात. त्या गेममध्ये अडकणं हाच मोठा भाग होता. अडकलो की आम्ही शाळेत जाऊन त्याच्यावर बोलायचो, कोंबडीचं काय करायचं, दोराचं काय करायचं. आठवडाभराने कुणाच्या तरी डोक्यात उजेड पडायचा. इंटरनेट नव्हतं हे आमचं भाग्य. असे पॉइंट अँड क्लिक गेम (माउसने वस्तूंवर क्लिक करत कोडी सोडवायचे) पाहणाऱ्याला गोष्ट कळते, पण ती गोष्ट कमावल्याचा आनंद मिळत नाही. माझं मत ठाम आहे: हे गेम खेळा, आणि वॉकथ्रू, म्हणजे पायरीपायरीने उत्तरं सांगणारं मार्गदर्शन, शेवटचा उपाय म्हणून ठेवा.

एका हाताने

जुनी फ्लॉपी, तुमच्या शेवटच्या वाक्यावर सांगावंसं वाटतं. अपघातानंतर माझ्या उजव्या हाताला पकड राहिली नाही. बरीच वर्षं माझ्यासाठी पाहणं एवढा एकच मार्ग होता आणि त्या व्हिडिओंनी मला खूप दिलं. पटापट बटण दाबा, धरून ठेवा, स्टिक गोल फिरवा, असल्या प्रसंगांनी भरलेले गेम मी हातात घेऊच शकत नव्हतो.

मग २०२० मध्ये 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' आला, साठांहून जास्त सोयींसकट. बटणं हवी तशी बदला, सतत दाबण्याऐवजी एकदा दाबा, नेम आपोआप लागू द्या. दृष्टिहीन माणसांनी तो आवाजाच्या खुणांवर पूर्ण खेळला आहे. मी त्याचे मुख्य प्रसंग आधी पाहिले होते, नायिका एली आणि जिच्यावर ती सूड घ्यायला निघते त्या ॲबीचं काय होतं ते मला माहीत होतं. (पुढे शेवट आहे.) तरीही समुद्रकिनाऱ्यावरच्या त्या शेवटच्या मारामारीत गेम मला बटण दाब म्हणत होता आणि मला दाबायचं नव्हतं. मी कंट्रोलर मांडीवर ठेवून बसून राहिलो. पाहताना मी एलीवर चिडलो होतो. खेळताना तो वार माझ्या हातून व्हायचा होता, आणि कथा माहीत असूनही तो जड गेला.

खेळणं श्रेष्ठ असेलही. पण ते सगळ्यांना मिळावं यासाठी कुणीतरी मेहनत घ्यावी लागते, हे या चर्चेत विसरू नये.

कंपास

'फायरवॉच' (२०१६) खेळला. १९८९ सालचं वायोमिंगचं जंगल, टेहळणी मनोऱ्यावर एकटा हेन्री आणि वॉकीटॉकीवर डिलायला. नकाशा आणि होकायंत्र हातात धरून वाट शोधायची. नंतर एका स्ट्रीमरचा व्हिडिओ पाहिला. तो चालताना सलग बोलत होता आणि डिलायला बोलू लागली तरी थांबत नव्हता. ज्या गेममध्ये एकटेपणा हाच विषय आहे तो गर्दीत बसून बघू नये. बास, एवढंच.

पुणे ४११

मी गेम बनवण्याच्या कामात आहे, म्हणून बनवणाऱ्यांच्या बाजूने लिहितो. कंपनीचं नाव सांगत नाही.

जानेवारी २०१६ मध्ये 'दॅट ड्रॅगन, कॅन्सर' आला. रायन आणि एमी ग्रीन या जोडप्याचा मुलगा जोएल कर्करोगाने पाच वर्षांचा असताना गेला, त्याच्या आजारपणाचा हा गेम. लहान, सरळ रेषेत जाणारा. अनेकांनी तो यूट्यूबवर पूर्ण दाखवला, असंख्य लोकांनी पाहिला, रडले. काही आठवड्यांनी रायन ग्रीन यांनी जाहीरपणे लिहिलं की विक्रीतून स्टुडिओच्या हातात अजून काही आलेलं नाही. व्हिडिओ करणाऱ्यांचा त्यांना राग नव्हता. दाखवा, पण लोकांना गेमकडेही पाठवा, अशी विनंती होती.

मला त्यातून दिसतं ते असं. फाटे फुटणाऱ्या गेमला व्हिडिओ फायद्याचे ठरतात. 'डेट्रॉइट: बिकम ह्यूमन' (२०१८) तर प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी आराखडाच दाखवतो, कोणत्या वाटा तुम्ही घेतल्या आणि कोणत्या बंद राहिल्या. व्हिडिओ पाहिलेला माणूस म्हणतो, मी त्यातल्या कॉनर या पात्राला वेगळं वागायला लावलं असतं, आणि विकत घेतो. ज्या गेमला एकच वाट आणि दोन तासांची लांबी, त्याचा पूर्ण व्हिडिओ म्हणजे सगळं दुकान फुकट वाटून टाकणं. जपानमध्ये हा प्रश्न न्यायालयात गेला. सप्टेंबर २०२३ मध्ये सेंदाईच्या न्यायालयाने 'स्टाइन्स गेट' मालिकेतल्या गेमचा शेवटासकट व्हिडिओ आणि इतर काही मजकूर यूट्यूबवर टाकणाऱ्याला दोन वर्षांची, पण पाच वर्षांसाठी स्थगित, शिक्षा दिली आणि दहा लाख येन दंड केला. इतक्या टोकाला जावं असं मला वाटत नाही. पण आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्सने 'राजी' (२०२०) बनवायला किती वर्षं घातली ते आम्ही जवळून पाहिलं आहे. पाहा, आवडला तर सेलमध्ये का होईना, विकत घ्या. हे मी हात जोडून सांगतो.

मिसिसागाहून

'वेन्बा' (२०२३) चं नाव अजून कसं आलं नाही? टोरोंटोच्या विसाई गेम्सचा. १९८०च्या दशकात कॅनडात आलेलं तमिळ जोडपं, त्यांचा मुलगा कविन, आणि त्यातल्या बायकोला तिच्या आईने दिलेली फाटलेली पाककृतींची वही. वहीतलं पुसलेलं आपण ओळखायचं आणि रांधायचं. दीड तासात संपतो.

लेकीने आणि मी मिळून खेळला. पहिलंच कोडं इडलीचं, ताटल्या एकावर एक कशा बसवायच्या. लेक विचार करत बसली. मी सांगितलं, वरच्या ताटलीची भोकं खालच्या इडल्यांवर येऊ देत, वाफ चढली पाहिजे. तिने माझ्याकडे असं पाहिलं की तुला गेममधलं कसं कळतं! तिला माझ्याकडून स्वयंपाकातलं काही विचारावंसं वाटण्याची ती पहिली वेळ. पुढे मोठा झालेला कविन एकटा तीच वही उघडून आईच्या हाताचं करायला बघतो, तेव्हा माउस तिच्या हातात होता आणि मी एक अक्षर बोलले नाही.

नंतर मी भारतातल्या बहिणीला याचा व्हिडिओ पाठवला. तिला आवडला, "गोड आहे" म्हणाली. तिला तो पाहून पुरला, कारण तिची मुलं तिच्याशी मराठीतच भांडतात.

दोन भाऊ

'ब्रदर्स: अ टेल ऑफ टू सन्स' (२०१३). शेवट फोडतो आहे, खेळायचा असेल तर हा प्रतिसाद ओलांडून जा.

डाव्या स्टिकवर थोरला भाऊ, उजव्यावर धाकटा. आई बुडून गेल्यामुळे धाकटा पाण्याला घाबरतो, थोरल्याच्या पाठीवर बसूनच नदी पार करतो. पुढे थोरला जातो. परतीच्या वाटेवर पुन्हा पाणी. धाकट्याचं बटण दाबलं तरी तो पाण्यात उतरत नाही. खूप वेळ अडल्यावर मी इतका वेळ निकामी पडलेलं थोरल्याचं बटण दाबलं, आणि धाकटा पोहू लागला.

व्हिडिओत हे दिसणार तरी कसं? पडद्यावर फक्त एक मुलगा पोहतो.

बावीस मिनिटं

डोंगरवाट, तुमच्या प्रश्नात मी अजून एक प्रकार घालतो: आधी खेळणं आणि मग दुसऱ्याचं पाहणं.

'आउटर वाइल्ड्स' (२०१९) मध्ये सूर्य फुटतो, बावीस मिनिटांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून. हत्यारं वाढत नाहीत, ताकद वाढत नाही, वाढतं ते फक्त तुम्हाला काय कळलं ते. त्यामुळे कुणी कितीही म्हटलं तरी खेळण्याआधी याचा एकही व्हिडिओ पाहू नका. 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' (२०१८) तसाच. जहाजावरच्या साठ माणसांचं काय झालं ते लिहायचं, आणि तीन जणांचं अचूक जमलं की गेम होकार देतो. उत्तरं कळली की हे गेम पुन्हा कोरे होत नाहीत.

पण आपलं खेळून झालं की दुसऱ्या कुणाला तरी पहिल्यांदा खेळताना बघा. मी असे व्हिडिओ रात्र रात्र बघतो. तो माणूस नेमक्या खुणेसमोरून पुढे निघून जातो, परत येतो, थबकतो, आणि त्याला ते कळतं. मला जो क्षण दुसऱ्यांदा मिळणार नाही तो त्याला मिळतो आहे, आणि त्याचा मला मनापासून आनंद होतो.

लेकाची आई, तुमच्या मुलाला 'ओब्रा डिन' सुचवा. मारामारी नाही, घड्याळाची घाईही फारशी नाही. वहीत नोंदी ठेवायला माणूस लागतोच, आणि ते काम तुम्ही घ्या.

लेकाची आई

बावीस मिनिटं, लेकाला सांगितलं. तो दिवाळीला घरी येतोय, तेव्हा सुरू करू. साठ माणसं म्हणजे दोनशे पानी वही लागेल.