शेजारच्या शाळेत शिकणे हा तिचाही हक्क आहे

‘दिव्यांग मुलांना विशेष शाळेतच घालावे, साध्या शाळेत त्यांचेही हाल होतात आणि इतरांच्या अभ्यासाचेही नुकसान होते’, असे मत मांडले जाते. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलीची आई म्हणून मला ते अजिबात मान्य नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातील कलम ३१ नुसार ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला शेजारच्या किंवा विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे, आणि यांतली निवड मुलाची असते, शाळेची नव्हे.

डाउन सिंड्रोममध्ये एकविसाव्या गुणसूत्राच्या जादा प्रतीमुळे स्नायू शिथिल राहतात, बोलणे उशिरा येते, बऱ्याच मुलांना ऐकूही कमी येते. मात्र पाहून शिकण्यात ही मुले सहसा अधिक तयार असतात. माझ्या मुलीच्या बाईंनी तिला पहिल्या बाकावर बसवले, सूचना एका वेळी एकच द्यायला सुरुवात केली आणि दिवसाचे वेळापत्रक चित्रांच्या पट्टीवर लावले. ती पट्टी आता सगळा वर्ग बघतो. मधल्या सुट्टीत डब्याचे झाकण उघडून द्यायला मैत्रीण पुढे आली, की ‘मी करते’ असे ती ठणकावून सांगते, आणि मैत्रीण थांबते. हे थांबणे त्या मैत्रिणीला कुठल्याही धड्यातून शिकता आले नसते.

प्रवेश नाकारला गेल्यास पालकांनी कारण लेखी मागावे, आणि शिक्षणाधिकाऱ्यांनी दाद दिली नाही तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करावी.