जुन्या आरपीजींची नोंद: साल कोणतं धरायचं, फ्लॉपी कशी वाचायची?

तळघर_८१:
मंडळी, १९७५ ते १९८५ मधल्या कॉम्प्युटर आरपीजींची (रोल-प्लेइंग, म्हणजे पात्र घेऊन खेळायच्या गेमांची) मराठीत नीट नोंद करायला घेतली आहे. दोन ठिकाणी गाडं अडलंय. ‘अकालाबेथ’ या गेमचं साल कुठे १९७९ सापडतं, कुठे १९८०. खरं कोणतं? शिवाय ‘विझार्ड्री’ची ॲपल टू वरची मूळ सव्वापाच इंची फ्लॉपी मिळाली आहे. हाताशी ग्रीझविझल बोर्ड (जुना फ्लॉपी ड्राइव्ह यूएसबीने जोडून वाचणारं सर्किट) आणि पीसीचा १.२ एमबी ड्राइव्ह आहे. डीएसके फाइल (फ्लॉपीवरच्या मजकुराची प्रत) काढली की झालं ना? दुसरी बाजू तर वाचलीच जात नाहीये.

चुंबकपट्टी:
डीएसकेवर थांबू नका. त्यात ३५ ट्रॅक × १६ सेक्टर × २५६ बाइट, म्हणजे १,४३,३६० बाइट येतात, बस. कॉपी-प्रोटेक्शन सेक्टरमधल्या मजकुराबाहेर लपवलेलं असतं, त्यामुळे फाइलचा आकार बरोबर दिसतो आणि गेम मात्र सुरू होत नाही. आधी फ्लक्स, म्हणजे चकतीवरचे कच्चे चुंबकीय बदल, उतरवा (एससीपी फाइल, प्रत्येक ट्रॅकचे ४-५ फेरे) आणि ती मूळ प्रत म्हणून जपा. एम्युलेटरसाठी (जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामसाठी) लागेल ती वोझ फाइल त्यावरून करा. १.२ एमबी ड्राइव्हचे ट्रॅक ८० असतात, म्हणून स्टेप २ (एक ट्रॅक सोडून एक वाचायची सेटिंग) द्यायला विसरू नका.

दुसऱ्या बाजूचं दुखणं वेगळं. ॲपलचा डिस्क टू ड्राइव्ह इंडेक्सच्या भोकाकडे (फेरा कुठे सुरू होतो ते दाखवणारं फ्लॉपीवरचं भोक) बघतच नाही, पीसीचा ड्राइव्ह मात्र त्याच्यावाचून अडतो. फ्लॉपी उलटी घातली की भोक सेन्सरसमोर येत नाही. ‘फ्लिपी’साठी (उलटून दोन्ही बाजू वापरायच्या फ्लॉपीसाठी) बदल केलेला ड्राइव्ह शोधा, नाहीतर डिस्क टू आणि ॲपलसॉस (ॲपलच्या ड्राइव्हवरून फ्लक्स वाचणारं उपकरण) वापरा. वेष्टनाला नवं भोक पाडायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, मूळ वस्तूची वाट लागते.

आणि हे सगळं करण्याआधी: चकती बोटाने हळू फिरवून खिडकीतून बघा. पांढरट ठिपके म्हणजे बुरशी. ती हेडला चिकटते आणि पुढच्या फ्लॉपीवर ओरखडे पाडते. फ्लॉपीवर चुकून काही लिहिलं जाऊ नये म्हणून कडेची खाच अपारदर्शक पट्टीने झाका. साधा सेलोटेप नको, बरेच ड्राइव्ह खाच प्रकाशाने तपासतात. (साडेतीन इंचीत उलटं: भोक उघडं असेल तर लिहिणं बंद.)

जुनी_जाहिरात:
‘अकालाबेथ’ची दोन्ही सालं खरी आहेत. गेमचा कर्ता रिचर्ड गॅरियटने १९७९ मध्ये झिपलॉक पिशव्यांत घालून तो स्वतः विकायला ठेवला. कॅलिफोर्निया पॅसिफिक कंपनीने प्रकाशित केला १९८० मध्ये. तक्त्यात ‘पहिली विक्री’ आणि ‘प्रकाशन’ असे दोन रकाने ठेवा, वाद मिटतो.

नियतकालिकातल्या जाहिरातीवरून तारीख ठरवू नका. मुखपृष्ठावरचा महिना विक्रीच्या पुढे असतो आणि गेम तयार होण्याआधीच जाहिरात लागायची. परीक्षण छापून आलं असेल तर निदान तोवर प्रत कुणाच्या तरी हातात होती, इतकं नक्की. अमेरिकेच्या कॉपीराइट नोंदीत प्रकाशनाची तारीख मिळते, पण ती अर्जदाराने सांगितलेली असते.

याहून मोठा घोळ आवृत्त्यांचा. १९८१ ची गॅरियटचीच ‘अल्टिमा’ मुख्यतः बेसिक या सोप्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेली होती. ओरिजिन कंपनीने ती नंतर असेंब्लीत (यंत्राच्या जवळच्या भाषेत) नव्याने लिहून काढली. लेखाला १९८१ साल आणि खाली नव्या आवृत्तीचं चित्र, हे सर्रास दिसतं. चित्राखाली मशीन, आवृत्ती आणि फ्लॉपी-इमेज फाइलचा एसएचए-२५६ (फाइल नेमकी ओळखायचा आकडा) लिहा.

नारिंगी_पडदा:
१९७५ पासून म्हणताय, तर प्लेटो ही संगणकप्रणाली वगळू नका. तिथे फ्लॉपीचा प्रश्नच नाही, सगळं इलिनॉय विद्यापीठाच्या मेनफ्रेमवर. तिथल्या एका गेमला ‘पेडिट५’ म्हणतात, पण ते गेमचं नाव नव्हे, ‘पॉप्युलेशन अँड एनर्जी’ गटाला दिलेल्या फाइल-जागेचं. रस्टी रदरफोर्डने गेम तिथे दडवला, व्यवस्थापकांनी उडवला. ‘डीएनडी’ हा प्लेटोवरचा गेमही १९७५ चाच, पण पुढे बदलत गेला. सायबर१ वर (प्लेटोच्या आजच्या पुनर्निर्मितीवर) आज जो चालतो त्याच्या चित्राखाली १९७५ लिहू नका.

तळघर_८१:
आभार. दुसऱ्या बाजूच्या लेबलवर पेनाने नावं लिहिलेली आहेत. ते खोडू का?

चुंबकपट्टी:
अजिबात नाही! ‘विझार्ड्री’ सिनारिओ डिस्कची (खेळाच्या जगाची माहिती असलेल्या डिस्कची) प्रत करायला लावते आणि पात्रं त्या प्रतीवर साठवते. ती नावं पात्रांची असू शकतात. लेबलचा फोटो काढा आणि त्या बाजूची नोंद ‘वापरलेली’ अशी करा, ‘मूळ अवस्था’ अशी नको.