धुरकट, करपट की धुरीची? मिरचीच्या बियरच्या चवीला शब्द हवाय

मंडळी, एका शब्दावर आठवडाभर अडून बसलोय, मदत करा.

भाचा पुण्यात एका छोट्या ब्रुअरीत बियर बनवायच्या कामाला आहे. जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेला आला, यात्रा उरकली आणि जायच्या आदल्या रात्री त्यानं बॅगेतनं चार बाटल्या काढल्या, म्हणाला मामा ही आमची नवीन, चिपोटले घातलीय ह्यात, म्हणजे धुरावर वाळवलेली मिरची, पिऊन बघा आणि चव सांगणारं कार्ड मराठीत लिहून द्या, तिथं टेबलावर ठेवायचंय. त्यानं स्वतः लिहिलेलं असं होतं, 'स्मोकी, स्पायसी, थोडी बिटर'. मी म्हटलं अरे ह्यात मराठी कुठाय, लिपी तेवढी आपली. तर म्हणतो मग स्मोकीला काय म्हणायचं सांगा. तिथंच गाडी थांबली.

गच्चीवर आम्ही चौघं होतो. मी, भाचा, शेजारचे अण्णा ज्यांच्या घरी कन्नड, आणि शाळेपासूनचा मित्र ज्याच्या घरी तेलुगू. सोलापुरात ह्यात नवल काही नाही, पण शब्द शोधायला बसलं की तीन भाषा एका चटईवर असण्याचा उपयोग फार होतो.

बियर तांबूस-तपकिरी, काकवी पाण्यात कालवल्यासारखी. नाकाशी नेल्या नेल्या धूर, पण बिडी-सिगारेटचा नव्हे, ओल्या लाकडाचा तर नव्हेच, हुरड्याच्या दिवसात आगटीतनं, म्हणजे हुरडा भाजायच्या खड्ड्यातनं, काढलेलं कणीस हातावर चोळताना जो वास येतो ना, त्याच्या जवळचा. मग जिभेवर आधी गोडसर, ते मोड आणून भाजलेल्या जवाचं. मग कडू, ते बियरमध्ये घालतात त्या हॉप्स नावाच्या फुलांचं. आणि गिळून झाल्यावर, तोंड रिकामं झाल्यावर, घशाच्या मागच्या अंगाला तिखट. मित्र पहिला घोट घेऊन म्हणाला, "काय पाजूलालास बे, तिखट कुठाय ह्यात," आणि वाक्य संपता संपता खोकायला लागला.

आता शब्द. अण्णा म्हणाले 'धुरकट'. मित्र म्हणाला तेलुगूत ह्याला 'घाटु' म्हणतील. बायको वर आली, नुसता वास घेतला आणि विचारलं, "काय करपलंय?" भाचा म्हणाला 'खरपूस' लिहू का, छान वाटतं. ह्यातला एकही मला पटेना आणि का पटेना ते सांगतो.

धुरकट हा मुळात डोळ्यांचा शब्द आहे. धुरकट काच, धुरकट आभाळ. चवीला लावला की ती तक्रार होते, "दूध धुरकट लागतंय" म्हणजे चूल नीट पेटली नव्हती, दूध वाया गेलं. करपट त्याहून वाईट, ते ढेकरेला लावायचं विशेषण. खरपूस चांगला शब्द आहे पण तो भाजण्याचा, भाकरीच्या पापुद्र्याचा, त्यात आच आहे, धूर नाही. खमंग तर फोडणीशिवाय आणि शेंगाच्या कुटाशिवाय मला ऐकूच येत नाही. राहता राहिलं 'चुलीवरचं', हायवेला दर दोन किलोमीटरला पाटी असते, चुलीवरचं मटण, त्यात धूरच विकत असतात खरं तर, पण धुराचं नाव कुणी घेत नाही.

माझ्या मनात 'धुरी' आहे. धूर लागतो, धुरी देतात. बाळंतिणीला ओवा-शेपाची धुरी, डासांसाठी कडुलिंबाची धुरी, मठ्ठ्याला निखाऱ्यावर तूप-हिंग टाकून धुरी. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी मुद्दाम, जपून, मोजून दिलेली आहे. ती मिरचीही तशीच केलेली असते, लाल पिकलेल्या हालापेन्यो मिरच्या कित्येक दिवस धुरावर ठेवतात. म्हणून मी 'धुरीच्या मिरचीची बियर' असं लिहून दिलंय. भाच्याला आवडलंय पण त्याची शंका अशी की धुरी म्हटलं की लोकांना धूप-उदबत्ती आठवेल. तुम्हाला काय वाटतं?

प्रतिसाद :
धुरी आणि मिरची एकत्र म्हटलं की मला दृष्ट आठवते ओ. आई मीठ-मोहऱ्या-मिरच्या ओवाळून निखाऱ्यावर टाकायची आणि सगळे वाट बघत बसायचे ठसका लागतोय का. ठसका लागला नाही तर दृष्ट होतीच म्हणायची. तुमच्या मित्राला ठसका लागला, म्हणजे त्याला दृष्ट नव्हती, हे त्याला नक्की कळवा.
पण शब्द म्हणून सांगते, धुरी मला चालेल. उदबत्ती आठवली तर आठवू दे, वास चांगलाच आठवतोय ना.

प्रतिसाद :
स्मोकी ठेवा की. बियर आपली नाही, चिपोटले आपली नाही, मग विशेषणच कशाला आपलं पाहिजे. बियरला 'यवसुरा' म्हणा म्हणणारेही भेटलेत मला, त्यांच्या टेबलावर कुणी बसत नाही.

मूळ लेखक :
यवसुरा मीही लिहिणार नाही, बियर हा आता मराठी शब्दच आहे, पेन आणि टेबलासारखा. पण वस्तूचं नाव बाहेरून येणं वेगळं आणि जिभेला जे जाणवतं त्याचं नाव बाहेरून आणणं वेगळं. जीभ आपली आहे. स्मोकी लिहिलं की वाचणाऱ्याला चव कळत नाही, फक्त महाग आहे एवढं कळतं.

आणि तसं बघितलं तर मिरची तरी कुठं आपली होती. ज्ञानेश्वरांच्या काळी इथं मिरचीच नव्हती, पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात अमेरिकेकडून आली. तोवर तिखटाचं काम मिरीकडं होतं, संस्कृतात मरिच म्हणजे मिरी, आणि नवीन फळाला लोकांनी त्या जुन्या मिरीवरनंच नाव दिलं. अण्णांनी सांगितलं कन्नडमध्येही तेच, मेणसु म्हणजे मिरी आणि मेणसिनकाई म्हणजे मिरीचं फळ. मित्र म्हणाला तेलुगूत मिरियालु म्हणजे मिरी आणि मिरपकाय म्हणजे मिरची. तिन्ही घरांनी एकमेकांना न विचारता एकच युक्ती केली. परकी वस्तू आली तर हाताशी असलेला शब्द ताणून तिला घातला, तसंच मी धुरीचं करतोय.

प्रतिसाद :
मी अन्न तंत्रज्ञान शिकवते, थोडं बोलते. धुराच्या वासा-चवीत जी मुख्य द्रव्यं असतात त्यातल्या एकाला ग्वायकॉल म्हणतात, लाकडातलं लिग्निन जळताना ते तयार होतं. हुरड्याची आगटी आणि ही मिरची तुम्हाला जवळची वाटली त्याचं कारण तेच असावं.

आणि दुसरं, तिखट ही खरं तर जिभेची चव नाहीच. मिरचीतलं कॅप्सेसिन उष्णता आणि वेदना ओळखणाऱ्या टीआरपीव्ही१ नावाच्या ग्राहीला जाऊन चिकटतं, जी एरवी साधारण ४३ अंशाच्या वरच्या उष्णतेला जागी होते. म्हणून मेंदूला वाटतं तोंड पोळलं. ह्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं, आर्डेम पटापूटियन यांच्यासोबत. मला वर्गात हे शिकवताना फार आनंद होतो कारण मराठीत क्रियापद आधीपासून बरोबर आहे. आपण 'मिरची झोंबली' म्हणतो. गूळ झोंबत नाही, मीठ जिभेला झोंबत नाही, जखमेला झोंबतं. आणि 'तिखटजाळ' हा शब्द बघा, जाळ त्यात आहेच.

कार्डावर 'तिखट' एवढंच लिहू नका, 'घशाशी झोंबते' लिहा.

मूळ लेखक :
मॅडम, हे फारच कामाचं. ताकाचं पण सांगा ना, कारण त्या रात्री तिखट लागलं म्हणून मित्रानं घाईनं आणखी बियर प्यायली आणि जास्तच झोंबलं, शेवटी खाली जाऊन ताक प्यायला तेव्हा कुठं शांत झाला.

प्रतिसाद :
कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. अल्कोहोलमध्ये विरघळतं, पण बियरमध्ये अल्कोहोल साधारण पाच टक्के, बाकी बहुतेक पाणीच, त्यामुळं ते धुऊन निघत नाही, नुसतं तोंडभर पसरतं. वर बुडबुड्यांचा कार्बन डायऑक्साइड स्वतःच चुरचुरतो. दूध-ताकातलं केसिन नावाचं प्रथिन कॅप्सेसिनला धरून घेऊन जातं, म्हणून ताक.

प्रतिसाद :
कडू आणि तिखट एकाच घोटात आहेत म्हणताय म्हणून एक भर घालतो. आयुर्वेदात सहा रसांत 'कटु' म्हणजे तिखट, मिरी-सुंठीचा रस, आणि 'तिक्त' म्हणजे कडू, कडुलिंब-कारल्याचा. आपला 'कडू' हा त्या कटुपासूनच आलाय, म्हणजे मराठीत येता येता तिखटाचा शब्द कडवट होऊन बसला. आणि तिखट आला तीक्ष्णवरनं, धारेचा शब्द. म्हणून वैद्यांची जुनी पुस्तकं वाचताना मराठी माणूस हमखास गोंधळतो. तुमच्या बियरमध्ये ती दोन्ही भावंडं परत एकत्र आलीत म्हणायचं. शिवाय तिखट हे आपल्याकडं विशेषणही आहे आणि डब्यातली पूडही आहे, 'दोन चमचे तिखट' म्हणतो आपण. तेव्हा 'तिखटाची बियर' असं चुकून लिहू नका, पूड घातली असं वाटेल.

प्रतिसाद :
धुरीबद्दल माझा आक्षेप आहे. जर्मनीत बांबेर्गला श्लेंकेर्ला म्हणून जुनं ठिकाण आहे, तिथली राउखबियर मी प्यायलोय, राउख म्हणजे धूरच. मिरची नाही त्यात, जवच बीच नावाच्या झाडाच्या लाकडाच्या आगीवर वाळवतात. पण जुन्या काळी जव लाकडावरच वाळवायचे, तेव्हा धूर लागायचाच, टाळता यायचा नाही. नंतर बिनधुराच्या भट्ट्या आल्या, बहुतेकांनी धूर सोडला, ह्यांनी ठेवला. मग सांगा, ती आधी धुरकट होती आणि नंतर धुरीची झाली का? बियर तर तीच.

मूळ लेखक :
ह्याच्यावर दोन दिवस विचार केला. मला वाटतं हो, तसंच. टाळता येत असताना ठेवली त्या दिवसापासून ती धुरी. चुलीवरच्या भाकरीचं तेच झालं, आजीला पर्याय नव्हता तेव्हा धूर डोळ्यात जायचा आणि ती वैतागायची, आज गॅस असून कुणी चूल पेटवतो तेव्हा त्याच धुराचे पैसे मोजतो. आजीसमोर मी त्याला धुरी म्हणणार नाही, तिचे डोळे जन्मभर चुरचुरले. शब्दात देणाऱ्याची मर्जी आहे, हे तुमच्या आक्षेपामुळं मला जास्त स्पष्ट झालं.

आणि आपल्याकडं धुरावर वाळवलेल्या मिरचीला शब्द का नाही हेही त्यातनंच कळलं. हालापेन्यो जाड सालीची, गरदार, नुसत्या उन्हात टाकली तर वाळायच्या आधी सडते, म्हणून मेक्सिकोत धुरावर वाळवायची रीत पडली. आपली ब्याडगी पातळ सालीची, आणि सोलापूरचं ऊन, एप्रिलमध्ये गच्चीवर साडी पसरून टाकली की झालं. गरजच पडली नाही तर शब्द कुठनं येणार. आपल्याकडं उन्हाचे शब्द आहेत, वाळवण, उन्हाळी, सांडगी मिरची.

प्रतिसाद :
चिपोटले हा शब्दच मुळात मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतला, चिल्ली म्हणजे मिरची आणि पोक्त्ली म्हणजे धूर. तिकडच्या लोकांनी सरळ धूर आणि मिरची जोडली. मग आपणही 'धूरमिरची' का नको? हालापेन्यो पण गावावरनं आहे, हालापा शहर, जशी आपली ब्याडगी.

मूळ लेखक :
धूरमिरची मला फार आवडला. सुटसुटीत आहे, धूरफवारणीसारखा सरकारी वाटत नाही. पण मित्राला वाचून दाखवला तर तो म्हणाला धूर निघणारी मिरची वाटते, खाल्ली की कानातनं धूर. मिरचीचं नाव म्हणून तो चालेल, चवीचं नाव म्हणून धुरीच ठेवतो.

'घाटु'चंही राहिलं होतं. तेलुगूत घाटु म्हणजे उग्र, नाकात घुसणारं. कन्नडमध्येही अण्णा म्हणतात मिरची भाजली की घाटु येतो. आपल्याकडं मिरच्या कुटताना उडतो तो खकाणा, पण खकाणा कोरडा, बारीक भुकटीचा, बियरला लावता येत नाही. घाटु ह्या ठिकाणी आपल्यापेक्षा नेमका आहे. कार्डावर घेतला असता, पण पुण्यात कळणार नाही. सोलापुरात कधी अशी जागा निघाली तर तिथं घाटु लिहायचा, हे ठरलंय आमचं.

शेवटी भाच्याला हे पाठवलंय :

'धुरीच्या मिरचीची बियर. आगटीचा वास, भाजल्या जवाचा गोडवा, मग कडवटपणा. घोट उतरल्यावर घशाशी झोंबते. सोबत ताक मिळेल.'

ताकाची ओळ त्याच्या मालकांना पटलेली नाही, बियरच्या दुकानात ताक कसं ठेवणार म्हणतात. मी म्हटलं ओळ काढू नका, ताक ठेवा. 'आगटी'चा अर्थ मात्र पुण्यातल्या दोघांनी विचारलाय, तिथं हुरड्याच्या खड्ड्याला दुसरा कुठला शब्द वापरत असतील तर सांगा.