भाताची धूळवाफ (कोरड्या रानातली पेरणी) आता बंद करायची वेळ आली काय?

राधानगरीकर_शेती:
२०२५ ला मान्सून २५ मेलाच महाराष्ट्रात घुसला आणि आमच्याकडं बऱ्याच जणांना कुरी (पेरायचं अवजार) बाहेरच काढता आली नाही, वाफसाच (पेरणीजोगी ओल) मिळंना. मग धावपळीत तरवा (रोपं) टाका, ती रोपं लावायला, लागणीला माणसं शोधा. माझं मत, धूळवाफ सोडा आणि एसआरटीकडं वळा, म्हणजे नेरळची सगुणा पद्धत. नांगरट नाही, चिखलणी नाही, एकदा गादीवाफा केला की दरवर्षी त्याच्यावरच हातानं बी टोकायचं, म्हणजे टोकण. बोला आता.

करवीरचा_गडी:
अहो दादा, एका वर्षासाठी बापजाद्यांची पद्धत मोडीत काढताय व्हय? मेमध्ये कोरड्यात पेरलेलं भात वळवाच्या पाण्यावर उगवतं, जुलैत धो धो लागायच्या आधी मुळं धरतं, आणि लागणीचा खर्च वाचतो तो वेगळाच. तुमच्या टोकणीला वाफसा लागत नाही काय?

राधानगरीकर_शेती:
लागतो की, पण ओल्या रानात कुरी चालत नाही, गादीवर माणूस चालतो. जादाचं पाणी सरीत उतरतंय.

भांगलणवाली:
टोकायला आणि भांगलायला (तण काढायला) शेवटी आम्हीच बायका ना, त्याचा हिशोब कुणी धरतच नाही 😄 आणि या पद्धतीत गेल्या पिकाची धसकटं मारायला ग्लायफोसेट तणनाशक मारा म्हणतात, शेजारी ऊस उभा असला आणि वारं सुटलं तर भांडण कोण मिटवणार?

पूरपट्टा:
तुम्ही दोघं पेरणीवरच भांडताय, इथं २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेनं धूळवाफ बघितली नाही की लागण. आमच्या काठाला वाण बदलाय पायजे. स्वर्णा सब-१ पाण्याखाली दोन आठवड्यांपर्यंत तग धरतंय, तेबी फुटव्याच्या वयात, पोटरीत (लोंबी बाहेर पडायच्या बेतात) आल्यावर बुडलं तर त्याचंबी काही खरं नाही.

आजरेकर:
स्वर्णा कोल्हापुरात खाणार कोण हो? इंद्रायणीची सवय लागलेली जनता, आणि आमच्या आजऱ्याच्या घनसाळ भाताला तर २०१६ पासून जीआय (भौगोलिक मानांकन) आहे. पूर सोसणारं पण बाजारात न खपणारं भात घरात साठवून ठेवू काय?

पूरपट्टा:
कुजलेल्या इंद्रायणीला काय दर मिळतो तेबी सांगा की.

करवीरचा_गडी:
😂 बरोबर. पण नदीकाठचा नियम माळाला लावू नका, माझ्या माळाला पाणी थांबतच नाही, तिथं मी धूळवाफच करणार.

राधानगरीकर_शेती:
करा. मी अर्धा एकर गादी करून बघतोय. ग्लायफोसेट न मारता कुणी केलं असंल तर भांगलणीला किती बायका लागल्या तेवढं सांगा, ताईंचा मुद्दा खोटा नाही.